फॉर्मवरचं ते 'होय'

पत्र नाशिकच्या एका ताईंचं आहे. वय 46, बँकेत नोकरी. आठ जणांचा जुना ट्रेकिंग ग्रुप: हरिहर, साल्हेर, कळसूबाई सगळं झालेलं, कोलाडला तीनदा राफ्टिंगही झालेलं. येत्या ऑगस्टमध्ये लडाखला झंस्कार नदीवर जायचं ठरलंय. पदुमपासून निम्मूपर्यंत, नदीकाठी तंबूत मुक्काम करत. एक्सेल शीट ताईंकडे, म्हणजे नियोजनही ताईंकडेच. विमानाची तिकिटं काढून झाली. राफ्टिंगवाल्यांचा पहिला हप्ता भरायला पंधरा दिवस उरलेत. कंपनीचा फॉर्म भरताना 'पोहता येतं का?' या प्रश्नापुढे त्यांच्या मिस्टरांनी 'होय' लिहिलं. त्यांना पोहता येत नाही. कोलाडलाही त्यांनी हेच लिहिलं होतं. ग्रुपमध्ये कुणाला माहीत नाही आणि 'तू मध्ये बोलू नकोस' अशी ताईंना ताकीद आहे. ताई स्वतः वीस वर्षं नियमित पोहतात. त्या विचारतात: 'गप्प बसले तर माझा जीव टांगणीला, बोलले तर घरात महिनाभर अबोला. मी त्यांच्याच राफ्टमध्ये शेजारी बसले आणि लक्ष ठेवलं तर चालेल ना?'

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर छोटं आहे. नाही, चालणार नाही. तुमच्या पोहण्यात काही कमी आहे म्हणून मात्र नव्हे.

मीही लहानपणापासून पोहते. पुण्यात टिळक तलावावर शिकले, शाळेत असताना दोन-चार पदकंही मिळवली. बऱ्याच वर्षांपूर्वी हृषीकेशला, शिवपुरीच्या खाली 'रोलर कोस्टर' नावाचा रॅपिड (खडकांवरून उसळत जाणाऱ्या पाण्याचा टप्पा) आहे, तिथे राफ्टमधून पडले. पडल्यावर पहिल्यांदा काय झालं, तर श्वास सोडताच येईना. नुसता आत, आत, आत. उचकी लागल्यासारखा. मग जॅकेट. काठावर फोटो काढताना दम कोंडतोय म्हणून मी वरचा पट्टा सैल केला होता, तो पुन्हा आवळायचा राहिला. पाण्यात ते जॅकेट सरकून कानांच्या वर गेलं आणि मी आत कासवासारखी. गाईड ओरडत होता ते ऐकू येईना, डोळ्यांपुढे नुसता केशरी फोम. फ्रीस्टाइल नाही, बटरफ्लाय नाही, काही म्हणजे काही आठवलं नाही. मला आत ओढलं ते एका साठीच्या गुजराती काकांनी. जॅकेटचे खांद्यावरचे दोन पट्टे धरले आणि सगळं अंग मागे झोकून दिलं. काठावर चहा पिताना कळलं, काकांना पोहता येत नव्हतं. सकाळीच त्यांनी गाईडला तसं सांगून टाकलं होतं, म्हणून गाईडने त्यांना मागच्या बाजूला, अगदी आपल्या पायाशी बसवलं होतं, आणि पडलेल्याला आत कसं घ्यायचं ते दोनदा करून दाखवलं होतं. आम्हा 'पोहणाऱ्यांना' त्याने एकदाच दाखवलं. त्या वेळी मी फोटो काढत होते.

तुमचं पत्र वाचताना ते काका आठवले. तलावातलं पोहणं आणि नदीतलं वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत. गार पाण्यात पडलं की पहिलं मिनिट श्वास ताब्यात येण्यातच जातं. त्यानंतर हातापायांना नीट हुकूम देता येईल अशी साधारण दहा मिनिटं मिळतात. मग बोटं ऐकेनाशी होतात, पट्टीच्या पोहणाऱ्याचीही. झंस्कारचं पाणी बर्फाचं आहे. तिची एक धार पेन्सी ला खिंडीजवळच्या द्रांग-द्रुंग हिमनदीतून निघते, दुसरी त्सराप, आणि दोघी पदुमजवळ एकत्र येतात. या पाण्यात तुमचे मिस्टर पडले आणि त्यांच्यामागे तुम्ही उडी घेतलीत, तर गाईडला एकाऐवजी दोघांना काढावं लागेल. हे जरा कठोर वाटेल. पण तुमचा सगळा बेत 'मी आहे ना' या तीन शब्दांवर उभा आहे, म्हणून सांगावं लागतंय.

आता त्या 'होय'बद्दल. तुम्ही त्याला खोटेपणा म्हणता आणि म्हणून बोलणं तुम्हाला चहाडी वाटते. मला ते तसं दिसत नाही. आपल्याकडे एका पिढीतल्या मुलांना पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलत, आणि ज्यांना कुणी ढकललं नाही ती मुलं पन्नाशीला येईपर्यंत काठावर कपडे सांभाळत बसतात. पोहता न येणं ही पुरुषाला मनात ठेवायची गोष्ट होऊन बसते. शिवाय कोलाडला 'होय' लिहूनही काही झालं नाही, उलट मजा आली. तीनदा आली. मग चौथ्यांदा 'नाही' लिहायचं म्हणजे मागचे तिन्ही 'होय' उघडे पडणार! माणूस अडकतो तो इथे. त्यामुळे त्यांना गाठायचं असेल तर 'तू खोटं लिहिलंस' इथून सुरुवात करू नका. झंस्कारपासून करा.

कारण कोलाडला जे झालं ते झंस्कारला होईल, असं तुमचा आख्खा ग्रुप धरून चालला आहे. त्यात तुम्हीही आल्या, रागावू नका. कोलाडला कुंडलिकेवर आपण राफ्टिंग करतो ते पाणी मुख्यतः भिराच्या वीज केंद्रातून सुटलेलं असतं. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली आणून 1927 पासून तिथे वीज तयार होते. (सेनापती बापटांनी 1921 मध्ये ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेच हे. आपण 'फॉरवर्ड, फॉरवर्ड' ओरडत ज्या लाटांवर नाचतो, त्यांच्या मागे बुडालेली गावं आहेत. असो.) सांगायचं एवढंच की कोलाडच्या पाण्याला वेळापत्रक आहे. सकाळी सुटतं, ओसरतं, किती येणार याचा अंदाज असतो. बारा-तेरा किलोमीटर, दोन-तीन तासांचं काम, पाणी कोमट, आणि जेवायला हॉटेलात.

झंस्कारचं वेळापत्रक ऊन ठरवतं. वर कडक ऊन पडलं की बर्फ जास्त वितळतं, ते पाणी काही तासांनी खाली पोचतं, आणि सकाळी ज्या खडकाचं डोकं पाण्याबाहेर होतं तिथे संध्याकाळी नुसता खड्डा आणि भोवरा दिसतो. नद्यांच्या अवघडपणाची 1 ते 6 अशी श्रेणी आहे. कोलाड 2-3 मध्ये बसतं, झंस्कारच्या घळीतले मोठे रॅपिड 3-4 मध्ये. पण एकाच रॅपिडची श्रेणी पाणी चढलं की बदलते, हे माहितीपत्रकात कुणी छापत नाही. जुलै आणि ऑगस्टच्या सुरुवातीला पाणी भरपूर असतं, ऑगस्ट सरता सरता उतरू लागतं. तुमची तिकिटं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली असतील आणि बदलून शेवटच्या आठवड्यातली मिळत असतील, तर बदलण्याचे पैसे मी आनंदाने भरले असते.

उंचीचंही तसंच. कळसूबाई 1,646 मीटर, लेह शहर त्याच्या दुपटीहून जास्त आणि पदुम साधारण तेवढंच. ट्रेक केलेले असले तरी विमानाने थेट साडेतीन हजार मीटरवर उतरल्यावर शरीर पुन्हा पहिलीच्या वर्गात जातं. लेहला पहिले दोन दिवस चक्क लोळायचं. तुमच्या शीटमध्ये दुसऱ्या दिवशी 'खारदुंग ला' ही उंच खिंड लिहिलीय, ती आधी खोडा. मिस्टर बीपीची गोळी घेतात असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. डॉक्टरांना नुसतं 'लडाखला चाललोय' सांगू नका, नाहीतर ते 'मजा करा' म्हणतील. किती उंची, किती दिवस, अति गार पाणी, जवळ हॉस्पिटल नाही, हे सगळं सांगा आणि मग विचारा.

तर मग सांगायचं कुणाला? पत्रात तुम्ही दोनच रस्ते ठेवलेत: गप्प बसायचं, नाहीतर ग्रुपमध्ये फोडायचं. तुमची तगमग मला वाटतं त्यातून आहे. ग्रुपला सांगायची गरजच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर जाहीर करून कुणाचं भलं होणार नाही, नुसती चेष्टा होईल, आणि एकदा चेष्टा झाली की तुमचे मिस्टर हट्टाने पुढच्याच जागेवर बसतील. ही गोष्ट कळायला हवी ती फक्त एका माणसाला. नदीवर जो तुमचा मुख्य गाईड असेल त्याला. हृषीकेशच्या काकांनी तेवढंच केलं होतं. गाईडला कळलं की तो बसायच्या जागा बदलतो, पडल्यावर काय करायचं ते शांत पाण्यात घोटवून घेतो, आणि एखादा रॅपिड त्या दिवशी मोठा वाटला तर कुणाला काठाने चालत न्यायचं हे मनात ठेवतो. हे तो रोज करत असतो. त्याला कुणाच्या पोहण्याचं काही वाटत नाही. त्याच्या लेखी धोकादायक माणूस तो, ज्याने 'होय' लिहिलंय म्हणून गाईड बिनधास्त आहे.

फॉर्म दुरुस्त करणं म्हणजे कंपनीला दोन ओळींचा मेल. 'आधी चुकून होय लिहिलं गेलं, पोहता येत नाही, लाइफ जॅकेट घालून तीनदा राफ्टिंग केलं आहे, या ट्रिपला चालेल का?' एवढंच. हा मेल त्यांनी लिहावा, तुम्ही नव्हे. त्यांना तारीख द्या. पहिला हप्ता भरायच्या आधीचा रविवार ठीक आहे. आणि शब्द शोधत असाल तर मी असं म्हटलं असतं: 'फॉर्मवर काय लिहिलंस याच्याशी मला देणंघेणं नाही. पण मी त्या पाण्यात तुला काढू शकणार नाही, हे मला आता कळलंय. ज्याला काढता येईल त्याला माहीत असू दे.' हे भांडणाचं वाक्य नाही. यात तुमची हार आहे, त्यांची नाही, आणि म्हणून ते ऐकलं जाण्याची शक्यता जास्त.

नाहीच ऐकलं तर? तर पैसे भरण्याआधी तुम्ही कंपनीला फोन करावा, आणि फोन करणार आहात हे त्यांना आधी सांगून करावा. पाठीमागून नको. अबोला होईल. महिनाभराचा अबोला मला परवडतो, तुम्हालाही परवडेल.

फोन कराल तेव्हा इतर चौकश्याही करून घ्या, कारण पत्रातल्या 'दुसऱ्या पार्टीने बरंच स्वस्त दिलंय' या वाक्याने मी दचकले. अशा नदीवर भाव कमी होतो तो बहुतेक वेळा माणसं कमी करून. राफ्टच्या पुढे सेफ्टी कयाक (मदतीसाठीची एका माणसाची छोटी होडी) असणार का आणि किती, हा पहिला प्रश्न. कयाकवाला म्हणजे वाहत जाणाऱ्यापर्यंत सर्वात आधी पोचणारा माणूस. त्यावर 'गरज पडत नाही मॅडम' असं उत्तर आलं तर नमस्कार करून फोन ठेवा. मुख्य गाईड ही घळ या मोसमात किती वेळा उतरलाय ते विचारा. वेटसूट (गार पाण्यात अंगात ऊब धरणारा पोशाख) आणि हेल्मेट मापाचे मिळणार का, की 'फ्री साइज'? पाणी फार चढलं तर काय करता, या प्रश्नावर 'एक दिवस थांबतो' किंवा 'चिलिंगपासून उतरतो' (म्हणजे वरची घळ सोडून खालचा छोटा टप्पाच करतो) असं काही ठोस ऐकू आलं पाहिजे. 'काही होत नाही' हे उत्तर धरू नका. अडचण आल्यास संपर्क कसा करणार तेही विचारा. परवानगीशिवाय उपग्रह फोन बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, तेव्हा ग्रुपमधले कुणी उत्साही मित्र परदेशातून असं यंत्र मागवत असतील तर त्यांना थांबवा. आणि विमा: साध्या प्रवास विम्यात राफ्टिंग आणि ठरावीक उंचीच्या वरचं काहीही वगळलेलं असू शकतं. बारीक अक्षरं तुम्हीच वाचा, बँकेत आहात.

तुमच्या ग्रुपमधल्या 'कोलाड आपण झोपेत करतो' म्हणणाऱ्या दादांसाठी एक सुचवते. उतरल्या उतरल्या मोहिमेला भिडू नका. लेहला दोन दिवस आराम झाल्यावर आधी सिंधूवर फे ते निम्मू हा सोपा टप्पा करा. दुसऱ्या दिवशी झंस्कारचाच चिलिंग ते निम्मू. तो एका दिवसाचा आहे, आणि तिथे कळतं की हे पाणी काय चीज आहे. त्यानंतर पदुमला जायचं की नाही हे प्रत्येकाने आपापलं ठरवायचं, कुणी कुणाला कारण विचारायचं नाही. कंपनीशी बोलताना हा पर्याय आधीच करारात घालून घ्या: चिलिंगनंतर कुणी गळालं तर किती पैसे परत. दोन दिवस वाढतील, खर्च वाढेल. पण आठातले दोघं तरी मनातल्या मनात तुमचे आभार मानतील, अगदी पैज लावते. नदीची भीती वाटणारे तुमचे मिस्टर एकटे असतील यावर माझा विश्वास नाही.

आणि त्यांनी चिलिंगनंतर 'बास' म्हटलं तर ट्रिप वाया गेली असं मानू नका. पूर्वी त्या घळीत शिरलं की दिवसेंदिवस बाहेरच्या जगाशी संबंध तुटायचा. हिवाळ्यात जिथे गोठलेल्या नदीवरून चालायचा चादर ट्रेक होतो तीच ही घळ. आता निम्मू-पदुम-दारचा रस्ता 2024 मध्ये जोडला गेलाय. ते गाडीने पदुमला येऊ शकतात, करशाचा मठ पाहू शकतात, आणि शेवटच्या दिवशी निम्मूला सिंधू-झंस्कारच्या संगमावर तुमची वाट पाहत उभे राहू शकतात. दोन रंगांचं पाणी शेजारी शेजारी वाहताना वरच्या रस्त्यावरून जसं दिसतं, तसं राफ्टमधून दिसत नाही. नवरा-बायकोने प्रत्येक रॅपिड एकाच राफ्टमधून उतरला पाहिजे असा काही नियम नाही. खरं तर एकाच राफ्टमध्ये बसणार असाल तरी शेजारी बसू नका. तुम्ही त्यांच्याकडे बघत राहाल आणि वल्हं मारायचं राहील.

ऑगस्टला अजून वेळ आहे. तलावावर त्यांचं नाव घाला, पण तुम्ही जाता त्या वेळेला नको आणि तुमच्या तलावावरही नको. तीन महिन्यांत ते पट्टीचे पोहणारे होणार नाहीत, व्हायची गरजही नाही. तोंडावर पाणी आलं तरी गडबडायचं नाही, पाठीवर निवांत पडून राहता यायला हवं, एवढं पुष्कळ झालं. नदीत पडल्यावर करायचं तेच असतं: पाठीवर व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने, बोटं पाण्याच्या वर. तळ लागला तरी वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही, खडकांत पाय अडकला तर पाणी माणसाला पुढे दाबून टाकतं. दोरी फेकली तर दोरी धरायची, हाताला गुंडाळायची नाही, आणि ती खांद्यावरून घेऊन पुन्हा पाठीवर. वल्ह्याच्या टोकाची मूठ सोडायची नाही, कारण सुटलेली मूठ शेजाऱ्याच्या दातांवर बसते. माझ्या एका मैत्रिणीचा पुढचा दात असाच गेला, तोही सपाट पाण्यात, फोटोसाठी वल्ही उंचावताना.

हे सगळं वाचून येत नाही. म्हणून जूनच्या आत एकदा कोलाडला जा, दोघंच, ग्रुप नको. तिथल्या गाईडला आधी खरं सांगा. म्हणजे तुम्ही नव्हे, ते सांगतील, आणि खरं सांगायची ती त्यांची रंगीत तालीमही होईल. शेवटच्या शांत टप्प्यात तो लोकांना पाण्यात उतरू देतो. जॅकेट घालून तिथे त्यांना उतरू द्या. आधी सगळे पट्टे आवळा, मग खांद्याचे पट्टे धरून जॅकेट वर ओढून बघा. कानांपर्यंत आलं तर अजून सैल आहे. आणि ते पाण्यात उतरतील तेव्हा तुम्ही राफ्टमध्येच बसा. हात गाईडला धरू दे.